वाचक विचारतात : भूगोल घेऊन पुढे काय?

प्रश्न : माझी मुलगी नागपुरात भूगोल विषय घेऊन एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला संशोधन करून प्राध्यापक व्हायचे आहे, पण ‘नकाशे रंगवून पोट भरते का?’ असे नातेवाईक विचारतात. नामवंत भूगोलज्ञांची आयुष्ये कशी घडली आणि तिने त्यांतून काय घ्यावे? – एक पालक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : नातेवाइकांची शंका अगदीच निराधार नाही, फक्त ती विषयाबद्दलची नसून नोकरीबद्दलची आहे, एवढे आधी लक्षात घ्यावे.

आज अभ्यासक्रमात ज्यांची नावे आदराने घेतली जातात, त्यांपैकी अनेकांचे शिक्षण भूगोलात झालेलेच नव्हते, कारण त्यांच्या तरुणपणी हा विषय स्वतंत्रपणे शिकवणारे विभागच विद्यापीठांत फार थोडे होते. जर्मनीचे फ्रेडरिक रॅट्झेल यांनी औषधविक्रेत्याकडे उमेदवारी केली, पुढे ते प्राणिशास्त्र शिकले आणि वृत्तपत्रासाठी प्रवासलेखन करता करता भूगोलाकडे वळले. फ्रान्सचे विदाल द ला ब्लाश मूळचे इतिहासाचे अभ्यासक होते. क्षरणचक्राचा, म्हणजे झिजेमुळे भूरूपे टप्प्याटप्प्याने बदलत जातात असा सिद्धान्त मांडणारे अमेरिकेचे विल्यम मॉरिस डेव्हिस यांची सुरुवात अर्जेंटिनातील कोर्दोबा येथील वेधशाळेत झाली.

आपल्या मुलीने ब्रिटिश भूगोलज्ञ डडली स्टॅम्प यांचे चरित्र मात्र जरा सावकाश वाचावे. भूगर्भशास्त्र शिकलेला हा माणूस ब्रह्मदेशात तेलाच्या शोधासाठी गेला, रंगून विद्यापीठात प्राध्यापक झाला आणि लंडनला परतल्यावर १९३० च्या दशकात त्याने ब्रिटनच्या भूमी उपयोगाची पाहणी हाती घेतली. त्या कामासाठी पगारी नोकरांची फौज नव्हती. शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थी आणि त्यांचे शिक्षक मोठ्या प्रमाणाचे, म्हणजे बारीक तपशील दाखवणारे नकाशे घेऊन शेताशेतांतून हिंडले आणि कोठे पीक, कोठे कुरण, कोठे झाडी याची नोंद त्यांनी नकाशावर केली. पुढे दुसऱ्या महायुद्धात अन्नधान्याचे उत्पादन वाढवण्याची वेळ आली, तेव्हा हेच नकाशे उपयोगी पडले. नकाशे रंगवण्याचे मोल विचारणाऱ्यांना एवढे उदाहरण पुरे व्हावे.

आपल्याकडे कोलकात्याचे प्रा. शि. प्र. चटर्जी यांनी ज्या पठाराचा अभ्यास केला, त्याला त्यांनी ‘मेघालय’ हे नाव दिले आणि १९७२ मध्ये तेच नाव धारण करून एक राज्य अस्तित्वात आले. १९५६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय अ‍ॅटलासच्या कार्याची धुराही त्यांच्याकडेच होती आणि १९६४ ते १९६८ या काळात ते आंतरराष्ट्रीय भूगोल संघाचे अध्यक्ष होते. ब्रिटिश भूगोलज्ञ डेव्हिड हार्वे यांचे नाव आज भांडवलशाहीच्या चिकित्सेशी जोडले जाते, पण त्यांची पीएचडी होती केंट परगण्यातील एकोणिसाव्या शतकातल्या हॉप या, बिअरसाठी लागणाऱ्या पिकावर. तेव्हा काटोल-नरखेडच्या संत्राबागा किंवा नाग नदीच्या काठच्या वस्त्या हा विषय लहान आहे, असे कोणी म्हटले तर मुलीने नाउमेद होऊ नये. रोज जाऊन पाहता येईल असा प्रदेश संशोधनाला मिळणे ही सोय आहे.

आता नोकरीविषयी. विषय कितीही प्रतिष्ठित असला, तरी विभाग टिकेलच असे नसते. हार्वर्डसारख्या श्रीमंत विद्यापीठाने १९४८ मध्ये आपला भूगोल विभाग बंद केला. ब्रिटिश भूगोलज्ञ डोरीन मॅसी ज्या संशोधन केंद्रात काम करत होत्या, ते बंद पडले आणि १९८२ मध्ये त्या ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठात प्राध्यापक झाल्या, त्याही पीएचडीविना. हा मार्ग येथे चालणार नाही. आपल्याकडे कायम जागा रेंगाळत भरल्या जातात आणि नेट-सेट (प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षा) झालेली कितीतरी मुले तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवतात, ज्यात सुट्टीच्या महिन्यांचे मानधनही हाती पडत नाही. म्हणून नेट किंवा सेट शक्य तितक्या लवकर उत्तीर्ण व्हावी आणि सोबत जीआयएस (भौगोलिक माहिती संगणकावर साठवून नकाशावर मांडण्याची प्रणाली) व उपग्रह-प्रतिमांचे वाचन हाताला बसेल इतके शिकून घ्यावे. नागपूरकर असण्याचा येथे खरा लाभ आहे, कारण राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो आणि महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र या दोन्ही संस्थांची मुख्यालये याच शहरात आहेत. तेथील प्रकल्पांवरील कामही बहुधा मुदतीचे असते, हे मात्र घरात आधीच बोलून ठेवावे.

प्रश्न : हिंगणघाटला ज्यांची कबर आहे ते विल्यम लॅम्ब्टन भूगोलाचे प्राध्यापक होते का? – एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : नाही, ते सैन्यातील अधिकारी होते. १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू केलेली भारताची त्रिकोणमितीय मोजणी (त्रिकोणांचे जाळे आखून केलेले भूमापन) उत्तरेकडे सरकत असताना नागपूरच्या वाटेवर जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले. विद्यापीठाशी त्यांचा संबंध नव्हता. कॅनडातील न्यू ब्रन्सविक येथे सैन्याच्या बराकींची व्यवस्था पाहण्याची नोकरी करत असताना त्यांनी गणिताचा आणि भूमापनशास्त्राचा अभ्यास स्वतःच केला होता.