कामाँबेर, रोकफोर, ब्री: ही ब्रँडची नावं की प्रकारांची?

प्रश्न असा आहे की ब्री, कॅमेम्बर्ट, रोकफोर्ट हे ब्रँड आहेत की चीजचे प्रकार, आणि शेवटचा ट म्हणायचा का.

ट म्हणायचा नाही. कामाँबेर, रोकफोर. फ्रेंचमधे शब्दाच्या शेवटचं व्यंजन बऱ्याचदा नुसतं लिहिण्यापुरतं असतं. हॉटेलात मात्र वेटरला कॅमेम्बर्टच कळणार, तिथे उगाच शुद्धता पाळत बसू नका.

आता ब्रँड की प्रकार, तर ब्रँड नक्कीच नाही, मुळात ही बहुतेक सगळी जागांची नावं आहेत. कामाँबेर हे उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मंडीतलं एक छोटंसं गाव, रोकफोर दक्षिणेकडच्या आव्हेरों भागातलं, आणि ब्री हा पॅरिसच्या पूर्वेचा अख्खा पट्टा, म्हणून त्यात परत गाव सांगावं लागतं, ब्री द मो म्हणजे मो गावाकडचं ब्री. पण गावाचं नाव असलं म्हणून त्या गावाचा हक्क राहतोच असं नाही. रोकफोरवाल्यांनी तो राखला, १९२५ साली त्या नावासाठी कायदाच झाला, मेंढीचंच दूध हवं आणि चीज मुरायला हवं ते त्याच गावाजवळच्या डोंगरातल्या गुहांमधे, नाहीतर ते रोकफोर नाही. कामाँबेरवाल्यांना जाग आली तोवर जगभर कुणीही कामाँबेर बनवायला लागलं होतं, म्हणून १९८३ मधे संरक्षण मिळालं ते फक्त ‘कामाँबेर द नॉर्मंदी’ एवढ्या पूर्ण नावाला. थोडक्यात कामाँबेर आता प्रकार झालाय आणि रोकफोर अजून गावचंच आहे.

जागेवरून न आलेली नावं मला जास्त आवडतात, त्यातही रब्लोशों. हे आल्प्समधल्या साव्हुआचं, तोन खोऱ्यातलं. तिथे मध्ययुगात कुरणाचा खंड गायी किती दूध देतात त्यावर ठरायचा असं सांगतात, मग मोजणीला मालकाचा माणूस आला की शेतकरी धार अर्धवटच काढायचे आणि त्याची पाठ वळली की परत कासेखाली बसायचे. आपल्याकडे गाय पान्हा चोरते, इथे गायीच्या वतीने मालकानेच चोरला, म्हणजे खरंतर कुळाने. या परत पिळण्याला तिथल्या बोलीत ‘रब्लोशे’ म्हणायचे, त्यावरून रब्लोशों. आणि शेवटच्या धारेचं दूध थोडं पण जास्त स्निग्ध असतं त्यामुळे चीजही मऊ, सायीसारखं. खंड बुडवण्याच्या युक्तीचं नाव आज अधिकृत शिक्क्यासकट विकलं जातं, हे मला फार भारी वाटतं.

‘फ्रोमाज’ म्हणजे चीज, हा शब्दही असाच मजेशीर. लॅटिनमधे चीजला कासेउस, इंग्रजी चीज आणि स्पॅनिश केसो त्यातूनच आले. फ्रेंचांनी मात्र दुसरा शब्द उचलला, फॉर्मा म्हणजे साचा, साच्यात घालून केलेलं ते फॉर्माटिकुम, त्याचं जुन्या फ्रेंचमधे फोर्माज झालं आणि मग र आणि ओ यांची अदलाबदल होऊन फ्रोमाज, जसं आपल्याकडे बोलताना मतलबचं मतबल होतं तसंच. इटालियनमधे अजून फोर्माज्जोच आहे. आणि फ्रान्समधेच ओव्हेर्न्यच्या बाजूला फूर्म दाँबेर नावाचं उंच नळकांडीसारखं निळं चीज मिळतं, त्यात तो जुना साचा तसाच टिकलाय.

लिंगाचं कुणीतरी मधेच विचारलंय म्हणून, खायचं ते चीज नपुसकलिंगी, ‘चीज किसलं’, आणि मैफलीत गायची ती चीज स्त्रीलिंगी. कष्टाचं होतं ते पण नपुसकलिंगीच पण त्याचा दुधाशी काही संबंध नाही.

शाविन्योल गावचं बकरीच्या दुधाचं एक चीज आहे, क्रोतें द शाविन्योल, छोट्या गोल वड्या असतात. आजच्या फ्रेंचमधे क्रोतें म्हणजे घोड्याची लीद. काहीजण म्हणतात नाव मातीच्या छोट्या दिव्यावरून आलंय, त्यांचंही बरोबर असेल, पण जेवताना कुणी अर्थ विचारलाच तर दिव्याचा सांगा.