पूरमैदानावर झाडे लावण्यापूर्वी नदीचा नकाशा वाचा

मुळा-मुठेच्या काठी पूरमैदान, म्हणजे पुराचे पाणी पसरते ती काठालगतची सपाट जमीन, पुनरुज्जीवित करण्याचे काम करण्याची तुमची इच्छा स्तुत्य आहे. परंतु रोपांची यादी करण्यापूर्वी नदी कोठून कोठे सरकली आहे ते पाहावे. वळणाच्या बाहेरच्या काठावर प्रवाहाचा वेग अधिक असल्याने तो काठ झिजतो आणि आतल्या बाजूस गाळ साचतो, त्यामुळे वळण हळूहळू बाहेरच्या दिशेने सरकत जाते. बिहारची कोसी सुमारे दोन शतकांत शंभराहून अधिक किलोमीटर पश्चिमेकडे सरकली; आपल्या नद्या कठीण बेसाल्टवरून वाहत असल्याने तशी मोठी उडी घेत नाहीत, मात्र गाळाच्या पट्ट्यात त्या बेटे, उथळ फाटे आणि काठ बदलतात. हा फरक न ओळखता हिमालयी नद्यांचे आराखडे जसेच्या तसे येथे आणणे मला चुकीचे वाटते.

सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे आणि आजची उपग्रहचित्रे एकमेकांवर ठेवून काठाची रेषा कोठे हलली ते आखावे. मुठेवर खडकवासला धरण 1879 पासून आहे. धरणात गाळ अडतो, खाली येणारे पाणी तळ खरवडते आणि पात्र खोल झाले की नेहमीचा पूर मैदानापर्यंत पोहोचतच नाही. अशा ठिकाणी केवळ वृक्षारोपण निष्फळ ठरते. आधी काठाचा भराव हटवावा. मग वाळुंजाची झाडे पाण्यालगत, करंज आणि उंबर थोडे वर लावावेत. बाहेरचा झिजणारा काठ मात्र शक्यतो मोकळाच सोडावा.