खोडावरचा ऑइलपेंट: थिनरची बाटली आधी बाजूला ठेवा

फाटक रंगवून उरलेला पांढरा ऑइलपेंट रंगाऱ्याने आंबा, पेरू आणि चाफा या तिन्ही झाडांना कमरेपर्यंत फासला, वर नंबरही घातले. आता तो थिनरने पुसू का, असं तुम्ही विचारलंय. नका पुसू. थिनर नको, टर्पेंटाइन नको, रॉकेल नको, आणि पेंट रिमूव्हर तर अजिबातच नको.

हे मी करून बसलोय म्हणून सांगतो. आमच्या चाफ्यावर तळहाताएवढा डाग होता. थिनरमध्ये चिंधी बुडवून पुसला, रंग निघाला, मी खूश. पंधरा दिवसांनी तिथे दाबलं तर साल मऊ लागली, आणि खालून तपकिरी पाणी आलं. चाफ्याची साल इतकी पातळ की नखाने ओरखडलं तरी हिरवं दिसतं. थिनर रंगापाशी थांबत नाही, आत मुरतो आणि सालीखालचा जिवंत थर मारतो. पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे त्याच थरातून उतरतं. एका बाजूला जखम झाली तर झाड सावरून घेतं. पण तुमचे पट्टे खोडाला गोल आहेत. तेवढा सगळा भाग थिनरने पुसलात तर मुळं उपाशी मरतील.

आता एकेक झाड बघू. आंब्याची बाहेरची साल जाड आणि मेलेलीच असते, रंग तिच्यावर बसलाय. खोड जाड होत जाईल तसा तो भेगाळून पडेल, काही वर्षं लागतील इतकंच. पेरू तर स्वतःच साल टाकतो, त्याचं काम त्याला करू द्या. काळजी चाफ्याची, आणि म्हणूनच त्याला हात लावू नका.

सोसायटीत कोणाला अगदीच बघवत नसेल, तर फक्त आंब्यावर हे करा. साधं पाणी मारून साल ओली करा, दहा मिनिटं थांबा. मग काथ्याचा किंवा नायलॉनचा ब्रश घेऊन, सालीच्या भेगा उभ्या जातात तसा उभाच फिरवा. तारेचा ब्रश नको, पॉलिशपेपर नको, गाड्या धुवायचं प्रेशरचं मशीनही नको. ते साल उचकटून काढतं. सुटलेले पोपडे लाकडी पट्टीने अलगद उचला. तपकिरी भुगा पडतोय तोवर ठीक. हिरवं किंवा ओलसर काही दिसलं की तिथेच थांबा, मग तिथे रंग राहिला तरी राहू दे. आणि हे पावसाळ्यात काढू नका, तेव्हा झाड वाढीला लागलेलं असतं आणि साल पटकन सुटते.

खाली प्लास्टिक अंथरा, तोंडाला मास्क लावा. रंगातल्या विषारी शिशावर ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून आली. तुमच्या रंगाऱ्याचा डबा किती जुना होता कोण जाणे! पोपडे आळ्यात पडू देऊ नका.

चाफ्यावरचा पांढरा पट्टा डोळ्यांत खुपत असेल तर गेरू मातीत कालवून वरून फासा. ऑइलपेंटवर तो धड बसत नाही, दोन पावसांत धुऊन जातो, पुन्हा फासायचा. पण त्याने झाडाला काही होत नाही.

रंग ओला असतानाच दिसला असता तर गोष्ट वेगळी होती. वर लाकडाचा भुसा दाबून, टिपून घेता येतो, चोळायचा नाही. डिस्टेंपर असेल तर नुसत्या पाण्यानेही जातो. पुढच्या वेळी रंगारी आला की एक माणूस खाली उभा करा, आणि नंबर घालायचाच असेल तर सैल सुतळीत पाटी अडकवा. खिळा नको, दरवर्षी सुतळी बघून सैल करत जा.

आमच्या मागच्या पेरूवर असाच १४ घातला होता. ४ कधीच गळून पडला, १ अजून आहे.