साका निघाला तर काय, हे आधी सांगा
गिऱ्हाईक आणि दुकान : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, राजापूर तालुक्यात आमची हापूसची कलमं आहेत. आजवर माल वाशीला दलालाकडे जायचा. यंदा मुलीने हट्टाने आमचं स्वतःचं ऑर्डरचं पान करायला घेतलंय. जे करून देतायत ते म्हणतात, ‘फक्त ३ पेट्या शिल्लक’ असं कायम दिसू दे, वर उलटं धावणारं घड्याळ लावू, पॅकिंगचे पैसे शेवटच्या पानावर टाकू आणि अनाथाश्रमासाठी २० रुपयांची खूण आधीच करून ठेवू, ती कुणी काढत नाही. सगळेच असं करतात म्हणे. मला पटत नाही, पण माल पडून राहिला तर, ही धास्तीही आहे. शिवाय साक्याचं, म्हणजे आतून खराब निघणाऱ्या गराचं, काय? तो बाहेरून आम्हालाही कळत नाही, आणि गिऱ्हाईक आमच्याच नावाने ओरडणार.
– आंबा बागायतदार, राजापूर

उत्तर : तुम्हाला पटत नाहीये तेच धरून राहा. पान करून देणाऱ्यांना आधी कायदा दाखवा, म्हणजे वाद तिथेच मिटेल. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’ रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यात फसव्या मांडणीचे १३ प्रकार दिलेत. खोटी घाई करणं त्यात आहे, गिऱ्हाइकाच्या टोपलीत न विचारता काहीतरी सरकवणं आहे (देणगीचा उल्लेख तर तिथे स्पष्टच आहे), आणि किंमत थोडी थोडी करून शेवटी उघड करणंही आहे. आधीच केलेली खूण म्हणजे गिऱ्हाइकाची संमती नव्हे, हे तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांपासूनच ठरलेलं आहे. तुम्हाला सुचवलेल्या चारही गोष्टी यात बसतात.

पण नुसत्या कायद्याच्या भीतीने हे टाळू नका. मुलुंडची एखादी बाई तुमच्या पानावर दोन डझनांची पेटी २,२०० रुपयांना बघते. पत्ता भरते, फोन नंबर देते, आणि शेवटच्या पानावर आकडा येतो २,५५० : पॅकिंगचे १५०, पोचवण्याचे १८०, देणगीचे २०. ती पैसे देईलही, कारण घरात आंब्याची वाट बघणं सुरू झालेलं असतं. पण पुढच्या मार्चमध्ये तुमचा मेसेज गेला की तिला आंब्याची चव आठवायच्या आधी ते ३५० रुपये आठवतील. आंब्याचा धंदा वर्षातून एकदाच दारात येतो. तो उभा राहतो दुसऱ्या वर्षीच्या ऑर्डरवर, आणि ती ऑर्डर पहिल्या वर्षीच्या शेवटच्या पानावर मिळते किंवा जाते. म्हणून मुंबई-ठाण्यासाठी ‘घरपोच २,५३०, यात सगळं आलं’ असा एकच आकडा पहिल्याच पानावर लिहा आणि त्याच्याखाली फोड द्या. देणगी द्यायचीच असेल तर तुमच्या नफ्यातून द्या.

घड्याळाची तर तुम्हाला गरजच नाही, कारण आंब्यात खरी टंचाई असतेच. ‘या तोडणीत ४० पेट्या, पुढची तोडणी बुधवारी’ असं लिहा आणि पेट्या जातील तसा आकडा कमी करत जा. माल थांबत नाही हे यातूनही गिऱ्हाइकाला समजतं, आणि बुधवारपर्यंत थांबायचं की नाही हे त्याचं त्याला ठरवता येतं.

आता साका. तुमच्या पत्रातला सर्वांत मोलाचा प्रश्न हाच आहे. आंबा वरून सुरेख, वास घमघमीत, आणि कापल्यावर आत पांढरट-पिवळा, रबरासारखा, आंबूस गर. हे रोगट फळ नव्हे की तुमची लबाडी नव्हे. झाडावर फार पिकू दिलेल्या फळात आणि तापलेल्या जमिनीची धग लागलेल्या फळात साका जास्त होतो. म्हणून तर चौदा आणे, म्हणजे जवळजवळ पूर्ण तयार झालेलं फळ झेल्याने (जाळीच्या काठीने) देठासकट काढायचं, काढल्यावर उन्हात ठेवायचं नाही. हे तुम्हाला मी सांगायला नको. पण मुलुंडच्या बाईला यातलं काहीच ठाऊक नसतं. तिला दिसतं एवढंच, की पैसे चांगल्या आंब्याचे घेतले आणि आतून खराब निघाला.

तेव्हा ‘पैसे भरा’ या बटणाच्या वर, किमतीच्याच आकाराच्या अक्षरांत, असं काहीतरी लिहा : ‘हापूसमध्ये कधीकधी साका निघतो. तो बाहेरून आम्हालाही ओळखता येत नाही. तुमच्या पेटीत निघाला तर कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, त्या फळाचे पैसे दोन दिवसांत परत करू.’ शेजारी साका असलेल्या कापलेल्या फोडीचा खरा फोटो लावा. हो, विक्रीच्या पानावर खराब फळाचा फोटो. पान करणारे याला कडाडून विरोध करतील, पण ऐकू नका. पैसे देण्याआधी कळलं तर ते आंब्याचं ज्ञान असतं. पैसे दिल्यावर कळलं की त्याचीच तक्रार होते. आणि हा मजकूर ‘अटी व शर्ती’च्या पानात पुरू नका. तिथे लिहिलेलं कुणी वाचत नाही, हे लिहिणाऱ्यालाही माहीत असतं.

फोटो आला की उलटतपासणी नको. ‘पेटी कधी उघडली, फ्रिजमध्ये ठेवलीत का’ असे प्रश्न विचारू नका, पैसे पाठवून द्या. काही लोक गैरफायदा घेतील. तेवढी तूट किमतीत धरा, जशी वाहतुकीत दबलेल्या फळांची धरता.

बाकीचं भराभर सांगते. ‘डझन’ हे माप नव्हे. १८० ग्रॅमच्या आणि २८० ग्रॅमच्या फळांचे डझन सारखेच मोजले जातात. म्हणून एका फळाचं वजन लिहा. आंबा कच्चा पाठवणार असाल तर पेंढ्यात किती दिवस ठेवायचा ते लिहा. कॅल्शियम कार्बाइडने पिकवायला बंदी आहेच, पण इथिलीनच्या खोलीत पिकवत असाल तर तेही सांगा. त्याला नियमांत परवानगी आहे, लाजण्यासारखं काही नाही. आणि राजापूरचा आंबा राजापूरचाच म्हणा. दलाल म्हणेल देवगड लिहा, दोन पैसे जास्त मिळतात. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाचही जिल्ह्यांसाठी. तुमचा जिल्हा त्यात आहे, फक्त अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्या. देवगडच्या नावावर दुसरीकडचा माल इतका खपायला लागला, की तिथल्या उत्पादकांच्या सहकारी संस्थेला २०२५ च्या हंगामात फळाफळावर वेगळ्या क्रमांकाचे स्टिकर आणावे लागले. दुसऱ्याचं नाव उसनं घेणाऱ्यांमुळे खऱ्या बागायतदाराच्या अंगावर हा खर्च पडला, याचा मला मनापासून राग येतो.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. एका ॲपचा ‘पहिला महिना मोफत’ म्हणून घेतला. आता दर महिन्याला खात्यातून पैसे जातात. बंद करायचं बटण सापडत नाही. ‘मदत’ दाबलं की यंत्रच उत्तर देतं.
– एक वाचक, सांगली

उत्तर : सर, त्या ॲपमध्ये शोधत बसू नका. पैसे यूपीआयने जात असतील तर तुमच्या यूपीआय ॲपमध्येच ‘ऑटोपे’ नावाचा भाग असतो. तिथे चालू असलेल्या परवानग्यांची यादी दिसते, ती परवानगी तिथूनच रद्द होते. कार्डावरून जात असतील तर बँकेच्या ॲपमध्ये किंवा शाखेत ‘ई-मॅन्डेट’ (आपोआप पैसे कापायची परवानगी) रद्द करायला सांगा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार असे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी तुम्हाला सूचना यायला हवी. आलेले मेसेज चाळून बघा आणि जपून ठेवा.

मग गेलेल्या पैशांकडे वळा. कंपनीला तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क जाहीर करावा लागतो. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा, असा नियम आहे. दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. सुरू करायला सोपं आणि बंद करायला अवघड ठेवणं हा वर सांगितलेल्या १३ प्रकारांपैकीच एक आहे, हे तक्रारीत जरूर लिहा.

प्रश्न : मी घरी कांदा-लसूण मसाला करून विकते. सुरुवातीला जावांना आणि मैत्रिणींना पाच-पाच तारे द्यायला सांगितले होते. आता एकीने लिहिलंय, ‘भयंकर तिखट, फेकून द्यावा लागला.’ ते काढून टाकू का?
– एक गृहउद्योजिका, कोल्हापूर

उत्तर : ते ठेवा, आणि ज्या जावांनी विकत न घेता तारे दिलेत त्यांना आपापले तारे काढायला सांगा. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक काढलंय. ते सक्तीचं नाही, पण त्याचा रोख स्पष्ट आहे : अभिप्राय खऱ्या गिऱ्हाइकाचा असावा आणि नावडता म्हणून दडपला जाऊ नये. जावेने पाकीट विकत घेतलं असेल तर तिलाही लिहू द्या, पण ‘मी हिची जाऊ’ हे सांगून.

तिखटाच्या तक्रारीला तुमच्या नावाने उत्तर द्या. काय लिहायचं? ‘ताई, तुमचा मसाला वाया गेला याचं वाईट वाटलं. हा मसाला संकेश्वरी मिरचीवर आहे, ब्याडगी रंगापुरती. पाकिटावर हे लिहिलेलं नव्हतं, ते आता लिहिते. पुढच्या वेळी ब्याडगी जास्त घालून कमी तिखट करून देईन, किंवा पैसे परत करते.’ आणि पुढच्या छपाईत खरंच पाकिटावर मिरचीचं नाव घाला. एवढं केलंत की तो कडू अभिप्राय तुमच्याच कामाला येईल. झणझणीत हवा असलेला माणूस तो वाचूनच ऑर्डर देईल, आणि ज्याला सोसत नाही तो दुसरीकडे जाईल. नुसते पाच ताऱ्यांचे ‘खूप छान, अप्रतिम’ वाचून यातलं काहीच कळत नाही. कमी तिखटाचं वेगळं पाकीट काढायचंही मनावर घ्या, मागणी तुमच्यासमोरच लिहिलेली आहे.

प्रश्न : दिवाळी फराळाच्या ऑर्डरचा फॉर्म मराठीत ठेवावा की इंग्रजीत? आमची बरीच गिऱ्हाइकं ज्येष्ठ आहेत. अर्धी जणं फॉर्म मध्येच सोडून फोन करतात.
– महिला बचत गट, ठाणे

उत्तर : मराठीत ठेवा, पण भाषा बदलून काम भागणार नाही. ऑर्डरची पानं करून देणं हे माझं रोजचं काम. पान तयार झालं की मी साठीच्या पुढच्या कुणाच्यातरी हातात फोन देते आणि शेजारी गप्प बसते. शेजारच्या काकूंनी अशाच एका फॉर्ममध्ये पिनकोड भरला. त्यांच्या फोनवर मराठी कळफलक होता, त्यामुळे आकडे पडले ‘४००६०२’. फॉर्मने लाल अक्षरांत इंग्रजीत सांगितलं की पिनकोड चुकीचा आहे. काकूंनी तोच पुन्हा भरला, पुन्हा लाल अक्षरं. ‘माझाच पत्ता मला चुकीचा म्हणतंय’, असं म्हणून त्यांनी फोन खाली ठेवला. पिनकोड बरोबर होता. देवनागरी आकडे वाचायला फॉर्मला शिकवलेलंच नव्हतं.

तुमच्या फॉर्ममध्येही बहुधा असंच काही अडत असेल. आकड्यांच्या रकान्यात दोन्ही लिपींतले आकडे चालू द्या. चूक दाखवायचीच तर मराठीत, त्या रकान्याखालीच, आणि काय करायचं तेही सांगा : ‘पिनकोड सहा आकडी हवा.’ पत्त्यात ‘जवळची खूण’ असा रकाना ठेवा, मारुतीच्या देवळामागची चाळ नुसत्या घर क्रमांकाने सापडत नाही. फिकट राखाडी अक्षरं काढून टाका. वेब सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार साध्या आकाराची अक्षरं आणि त्यांची पार्श्वभूमी यांतला उजेडाचा फरक किमान ४.५ ला १ हवा, आणि तो मोजायची साधनं फुकट मिळतात. चकली अर्धा किलो की पाव, हे निवडल्यावर लगेच किंमत बदललेली दिसू द्या.

आणि फोन नंबर काढू नका, उलट फॉर्मच्या वरच मोठ्या अक्षरांत द्या, उचलायची वेळ लिहून. फोन करणाऱ्या प्रत्येक आजींना विचारा, ‘कुठल्या रकान्यापाशी अडलात?’ आणि उत्तर वहीत टिपून घ्या. फराळाच्या ऑर्डरींची गर्दी वाढायच्या आत पहिल्या आठवड्याची ती वही पान करणाऱ्याच्या हातात द्या.