हॉलच्या भिंतीवर मोल्डिंग: पीओपी, पीव्हीसी की सागवान?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. हिंगणघाटकडं नवं घर, १२ बाय १६ चा हॉल, संक्रांतीनंतर गिलावा झाला, मे महिन्यात भावाचं लग्न. त्याआधी सोफ्यामागच्या १२ फुटी भिंतीवर मोल्डिंगचं, म्हणजे उठावाच्या पट्ट्या लावून केलेल्या चौकटींचं डिझाइन हवं, आणि त्या भिंतीपलीकडं न्हाणी आहे. गावोगावची घरं बांधून देण्यात माझी वीसेक वर्षं गेलीत, म्हणून उत्तर जरा लांबेल.

डिझाइन नंतर बघू, आधी ती न्हाणी. माझ्या स्वतःच्या घरी मी हाच शहाणपणा केला होता. एप्रिलमध्ये ताज्या गिलाव्यावर पीओपीच्या चौकटी काढल्या, मागं न्हाणी. आमचे म्हातारे मिस्त्री म्हणाले होते, "भित्त वली हाये अजून, काहून घाई करता?" मी ऐकलं नाही. श्रावणात रंगाला फोड आले, मागून पांढरा लोणा फुटला आणि पोळ्याच्या आठवड्यात खालची पट्टी हातात आली, ओल्या बिस्किटासारखी. पीओपी म्हणजे भाजलेला जिप्सम. पाणी घालताच काही मिनिटांत घट्ट होतो, साच्याची बारीक रेघसुद्धा उचलतो, पण सततच्या ओलीत मऊ पडतो. मिस्त्रीचा हात चांगला असेल तर पत्र्याचा साचा ओढून केलेल्या पीओपीसारखं सुबक काम दुसऱ्या कशात येत नाही, हे मात्र खरं.

तुमची भिंत वाळली का, हे घरीच कळतं. दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी टेप लावून भिंतीला घट्ट चिकटवा, २४ तास ठेवा. आतून दव धरलं तर अजून थांबायचं. हॉल आणि बेडरूमच्या मधली दुसरी १२ फुटी भिंत कोरडी असणार. मी असतो तर सोफाच तिकडं फिरवला असता.

दुसरी गोष्ट आपल्या काळ्या मातीची. पावसात फुगते, उन्हाळ्यात आटून तडकते, आणि पाया पुरेसा खोल नसेल तर भिंतही तिच्यासोबत हलते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघाली असेल तर तिच्या दोन टोकांना पेन्सिलची रेघ मारून तारीख टाका. भेग पुढं सरकतेय का, ते एक पावसाळा जाऊ देऊन बघा. अशा भेगेवरून पट्टी नेली की जोड उघडलाच म्हणून समजा.

आता माल. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेली फळी, स्वस्त आणि गुळगुळीत, पण आपण फरशी बादलीनं धुणारी माणसं. खालच्या स्कर्टिंगला, म्हणजे भिंतीच्या पायाशी फरशीलगतच्या पट्टीला, एमडीएफ लावलं तर वर्षभरात फुगतं. तिथं फरशीचीच पट्टी ठेवा. सागवान लावायचं तर आतला गाभ्याचाच घ्या. दुकानात 'सागवान बीडिंग' म्हणून पुष्कळदा कडेचा पांढरा भाग मिळतो आणि उधई त्याला सोडत नाही. (आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीचा साग २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी गेला आणि आपणच इथं पांढरट पट्ट्या ठोकत बसतो, असो.) पीव्हीसीला ना उधई, ना ओल. त्याचा त्रास उन्हाचा. डिसेंबरच्या पहाटे खोलीत १२ अंश आणि मेच्या दुपारी ४२, एवढ्या फरकानं ८ फुटी पट्टी साधारण ४ मिलिमीटर लांबते. थंडीत घट्ट बसवलेली पट्टी उन्हाळ्यात कमान धरते ती यामुळं. टोकाला किंचित फट ठेवायची आणि ती अ‍ॅक्रिलिक सीलंटनं भरायची. सिलिकॉन नको, त्यावर रंग धरत नाही. तुमच्यासाठी मी पीव्हीसीच म्हणेन, पण साधी पांढरी. दुकानदार सोनेरी वेलबुट्टीचे कोपरे दाखवेल, नाही म्हणा. सोयाबीनच्या मळणीचा भुसा त्या नक्षीत शिरला की दिवाळीला तुम्हीच ब्रश घेऊन बसाल, आणि पट्टीमागं पोकळी राहिली तर पालीला घर मिळालं.

देखणेपण नक्षीत नसतं, रेघांच्या जागेत असतं. घरात दोन आडव्या रेघा आधीच आहेत. खिडकीचा खालचा काठ, बहुतेक ३ फुटांवर, आणि दार-खिडक्यांचा माथा, ७ फुटांवर. आडवी पट्टी खिडकीच्या काठाच्या रेषेत, म्हणजे ३६ इंचांवर घ्या. तिच्या ४ इंच वर चौकटी सुरू करा आणि ८४ इंचांवर, दाराच्या माथ्याला संपवा. जुन्या वाड्यात कोनाडे आणि दारं एका सुतात असायची, डोळा तिथंच सुखावतो. १० फुटी स्लॅबखाली मोठी कॉर्निस, म्हणजे छत आणि भिंतीच्या सांध्यातली पट्टी, नको, छत डोक्यावर आल्यासारखं वाटतं.

१२ फूट म्हणजे १४४ इंच. चार मोकळ्या जागा ४-४ इंचांच्या, उरले १२८. मधली चौकट ५६ रुंद, बाजूच्या ३६-३६, तिन्हींची उंची ४४. एकूण पट्टी सव्वात्रेचाळीस फुटांच्या वर जाते आणि ८ फुटी ६ नगांत बसते: ४४ चे दोन-दोन तुकडे तीन नगांत, ५६ सोबत ३६ दोन नगांत, उरलेले दोन ३६ एका नगात. हौसेनं चौकट फूटभर उंच केली तर हिशेबात ७ नग दिसतील, पण लागतील ८, कारण ५६ इंचांचे दोन तुकडे ९६ मध्ये बसतच नाहीत. रनिंग फुटांवर माल आणला की दुकानाच्या चकरा अशा वाढतात. कोपऱ्याच्या ४५ अंशांच्या कापात एखादी पट्टी वाया जाते, म्हणून एक जास्तीची घ्याच. आडव्या पट्टीचे १२ फूट वेगळे.

पट्टीची रेघ फरशीपासून मोजू नका. फरशीला पाणी जायला उतार असतो. पाण्याची लेव्हल नळी लावून दोन्ही टोकांना खुणा करा आणि दोरी मारा. स्विचबोर्ड पूर्ण चौकटीच्या आत किंवा पूर्ण बाहेर हवा. पट्टीनं कापलेला बोर्ड दिसला की सगळी मेहनत पाण्यात. माल आणण्याआधी भिंतीवर मास्किंग टेपनं चौकटी चिकटवून दोन दिवस राहू द्या. घरच्यांची मतं आपोआप कळतील. भिंत आणि पट्टी दोन्हींना एकच फिका रंग द्या, उठाव सावलीतून येतो.

लग्नापुरतं बेडरूमकडच्या भिंतीवर एवढंच उरका. न्हाणीकडची भिंत आता नुसती रंगवा, आणि दिवाळीनंतर प्लास्टिकचा तुकडा पुन्हा चिकटवून मला इथंच कळवा.