पदक भिंतीवर राहू दे, लॅप डोळ्यांसमोर ठेव

प्रश्न : मी 17 वर्षांचा आहे, पुण्यातल्या सणस मैदानावर 800 मीटरचा सराव करतो. टायमिंग 2:05. ‘राज्य स्पर्धेत पदक’ असं लिहून भिंतीवर लावलंय. पण स्टार्टला उभा राहिलो की पायांतलं बळच जातं.

उत्तर : कागद भिंतीवर राहू दे, पण मैदानात तो मनात घेऊन जाऊ नकोस. शेजारचा मुलगा त्या दिवशी कसा धावेल, यावर तुझा काय ताबा? आपल्या बीडचा अविनाश साबळे 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेस (अडथळ्यांची शर्यत) 8:11.20 मध्ये धावला. राष्ट्रीय विक्रम झाला आणि सुवर्ण 0.05 सेकंदानं हुकलं. फक्त सुवर्णाचं माप लावलं, तर तोवरची त्याची सर्वांत वेगवान शर्यत हरलेली ठरते. हे मला अजिबात पटत नाही.

पदक हे निकालाचं ध्येय. 2:05 वरून 2:02 वर येणं हे कामगिरीचं. तिसरं ध्येय कृतीचं, म्हणजे त्या क्षणी शरीरानं नेमकं काय करायचं. छातीत धडधडतं तेव्हा हे तिसरंच कामाला येतं. अनेक नवे धावपटू पहिला लॅप, म्हणजे 400 मीटरची फेरी, उसळून 57-58 सेकंदांत काढतात आणि 500 मीटरनंतर पाय शिशासारखे होतात. 2:02 साठी पहिला लॅप 60, दुसरा 62 पुरतो. म्हणून शर्यतीत तुझं ध्येय एवढंच : शेवटच्या लॅपची घंटा वाजेल तेव्हा 60, आणि 600 मीटरला खांदे सैल. सरावात घड्याळ न बघता 200 मीटर बरोबर 30 सेकंदांत काढता येईपर्यंत तेच घोटत राहा. भीती पूर्ण जाणार नाही. जायला हवी असंही नाही.

प्रश्न : माझी मुलगी 11 वर्षांची, पोहते. तिची टार्गेट टायमिंग्ज मी फ्रीजवर लावली आहेत. हल्ली ती सकाळी पोट दुखतं म्हणते.

उत्तर : ताई, डॉक्टरांना दाखवाच, पण तो कागद आजच काढा. त्यातला एकही आकडा तिनं ठरवलेला नाही. या वयात उंची, हातापायांची लांबी बदलत असते, टायमिंग कधी महिनोन्‌महिने हलत नाही. टर्न, स्टार्ट, श्वास यांतलं एक काही तिला स्वतः निवडू द्या.

प्रश्न : कबड्डी संघात 14 मुलं आहेत. दर वर्षी फळ्यावर ‘यंदा जिल्हा जिंकायचाच’ लिहितो. आठवड्यात जोश ओसरतो. कुठे चुकतं?

उत्तर : सर, एडविन लॉक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं 1968 मध्ये मांडलं, की ‘जमेल तेवढं चांगलं करा’ यापेक्षा नेमकं आणि अवघड ध्येय माणसाकडून जास्त काम करून घेतं. पुढच्या संशोधनातून त्याच्या अटीही स्पष्ट झाल्या : ते ध्येय माणसाला आपलं वाटायला हवं आणि आपण कुठवर आलो, हे त्याला कळत राहायला हवं. तुमच्या फळ्यावरचं वाक्य तुमचं आहे, मुलांनी फक्त माना डोलावल्या.

एकेकाला बाजूला घेऊन विचारा. डाव्या कोपऱ्यावरचा मुलगा कदाचित सांगेल, ‘सर, मी घोट्याला घाईनं हात घालतो.’ मग त्याचं ध्येय तिथेच सापडलं : चढाईपटूचा पाय आत आल्याशिवाय हात नाही, आणि सरावात 10 पैकी 6 पकडी यशस्वी. मोजायला बाकावरचा मुलगा बसवा, त्याचाही खेळ सुधारेल. शनिवारी पाच मिनिटं वही उघडा. सलग तीन आठवडे 8 पकडी जमल्या तर आकडा वाढवा. 3 वरच अडकला तर कमी करा, त्यात कमीपणा नाही.

प्रश्न : वय 21, बॅडमिंटन. दोन महिन्यांपूर्वी एसीएलचं (गुडघ्यातल्या लिगामेंटचं) ऑपरेशन झालं. चार महिन्यांनी होणाऱ्या स्पर्धेत उतरायचं ध्येय ठेवू का? इतरांना खेळताना बघून रडू येतं.

उत्तर : रडू येणारच, ते दाबू नकोस. पण ती स्पर्धा सोड. ऑपरेशननंतर 9 महिन्यांच्या आत खेळात परतलं, तर गुडघा पुन्हा दुखावण्याचा धोका वाढतो. कॅलेंडरऐवजी गुडघ्याकडे बघून ध्येय ठरव : या आठवड्यात पाय पूर्ण सरळ होतोय का, सूज उतरलीय का, पुढे मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या किती जवळ आली. हे आकडे तुझ्या फिजिओकडून घे. त्यांची परवानगी असेल, तर खुर्चीत बसून नेटजवळच्या फटक्यांचा मनगटी सराव आतापासून करता येईल. रॅकेट हातात राहू दे.