महानायकाच्या घरचे काय?

प्रश्न : मी महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी एका महानायकाची (सुपरहिरोची) कथा लिहीत आहे. साहसे सुचतात, परंतु त्याचे घरगुती आयुष्य सुचत नाही. काय करावे? – एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : शक्तीपेक्षा अडचणीपासून आरंभ करावा. अमेरिकी चित्रकथांचे लेखक स्टॅन ली आणि चित्रकार स्टीव्ह डिटको यांनी १९६२ साली घडवलेला स्पायडर-मॅन वाचकांना जवळचा वाटला, तो केवळ भिंती चढतो म्हणून नव्हे, तर त्याला वाढवणाऱ्या मे काकूंच्या घरखर्चाची विवंचना त्याला सतावते म्हणूनही. आपला नायक नागपूरचा असेल, तर मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेल्यावर तो अंगाबरोबरचा पोशाख कसा सहन करील, आणि तो धुऊन गच्चीवर वाळत घातल्यास शेजारच्या काकूंना काय सांगेल, याचा विचार करावा. शत्रूपासून ओळख लपवणे त्यामानाने सोपे असते. मला स्वतःला एक नायिका अधिक मोहात पाडते : तिला कोसभर दूरचे ऐकू येते, त्यामुळे उन्हाळाभर साऱ्या वस्तीतल्या कूलरांची घरघर ऐकत ती रात्री जागून काढते आणि सकाळी कार्यालयात पेंगते. तिच्यासाठी स्थळ आले, तर पाहुण्यांची परतीच्या वाटेवरची कुजबुजही तिला ऐकू येईल. कथा तिथूनच सुरू करावी.